तगाईची वाट

'तगाई' हा शब्द आमच्या पिढीने आजोबांच्या तोंडून ऐकला, पुढच्या पिढीला तो सांगावा लागतो. विहीर खणायला, बैल घ्यायला, बी-बियाणाला, बांध घालायला सरकारकडून मिळणारे कर्ज म्हणजे तगाई. मूळ शब्द अरबी, 'तकावी'. त्याचा अर्थ बळ देणे. फारसी दफ्तरांतून तो मराठीत आला आणि इथल्या मातीत तगाई झाला. 'तगणे' या आपल्या क्रियापदाशी त्याचे नाते नाही, पण कुणब्याने ते जोडून घेतले असेल तर त्यात नवल नाही.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या मंडळाचे बहुतेक सभासद आज बेळगाव शहरात नोकरी-धंद्यात आहेत. पण खानापूर, चिक्कोडी, निपाणी, हुक्केरी, अथणी यांपैकी कुठे ना कुठे दोन-चार एकरांचा तुकडा अजून घराच्या नावावर असतो. दुसरे कारण जरा अवघड आहे. आपल्या घरांपैकी काही घरे तगाई मागणाऱ्यांची, तर काही तगाईचा अर्ज लिहिणाऱ्यांची आणि चौकशीचा शेरा मारणाऱ्यांची. कुलकर्णी, कारकून, अव्वल कारकून, मामलेदार ही पदे ज्यांच्या घराण्यांत होती ते कचेरीच्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसत. बाहेर उभे राहणारेही आपलेच. त्यामुळे हा इतिहास दोन्ही बाजूंनी पाहण्याची सोय आपल्याला आहे, तशी ती फार थोड्यांना असेल.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. शेतकऱ्याला मदत करावी हे जवळजवळ प्रत्येक राजवटीला पटलेले होते. प्रश्न मदतीच्या वाटेचा होता. मदत गावात चालत येणार, की गावाने मदतीकडे चालत जायचे?

शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना ५ सप्टेंबर १६७६ रोजी लिहिलेले पत्र पुष्कळांच्या वाचनात आले असेल. इमानाने वागण्याची, रयतेच्या भाजीच्या देठासही मन न दाखवण्याची आज्ञा म्हणून ते नेहमी सांगितले जाते. आम्हाला त्यातला कामाचा भाग अधिक मोलाचा वाटतो. सुभेदाराने स्वतः गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत, कोणाकडे माणूसबळ आहे, बैल किती, दाणागोटा किती हे पाहावे. ज्याला कसण्याची कुवत आहे पण बैल-नांगर नाही, पोटाला नाही, त्याला बैलांसाठी रोख पैसा आणि खाण्यासाठी खंडी-दोन खंडी धान्य द्यावे. वसुली वाढीदिढीशिवाय, फक्त मुद्दलाची, आणि तीही त्याला शक्ती येईल तसतशी हळूहळू. यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च पडला तरी चालेल, असा मोकळा हात सुभेदाराला दिला होता. अर्जाचा यात कुठे उल्लेखच नाही. गरजू कोण हे शोधून काढण्याचे काम अधिकाऱ्याच्या गळ्यात घातले आहे.

पुढे पेशवाईत पड जमीन लागवडीला आणणाऱ्यास कौल मिळे. पहिली काही वर्षे सारा थोडा, मग दरवर्षी चढत जाणारा, याला इस्तावा म्हणत. तगाईही मिळे, पण ती कमाविसदाराकडून पाटलाच्या हाती आणि पाटलाकडून कुणब्याच्या. मधला हात भला असेल तर गाव बसे, नसेल तर उठून जाई. अर्थात उठून जाण्याची धमकी हेच त्या काळी कुणब्याचे मोठे शस्त्र होते. जमीन मुबलक आणि कसणारे थोडे, म्हणून राज्यकर्त्याला कुणब्याची मनधरणी करावी लागे. ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय जुन्या राजवटींच्या कनवाळूपणाचे गोडवे गाऊ नयेत.

इंग्रजी अमलात चित्र फिरले. सारा रोखीने, ठरल्या तारखेला भरायचा. पैशासाठी सावकार. त्यातून १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी दंगा झाला, सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. आमच्या बेळगाव, धारवाड आणि तेव्हाच्या कलादगी म्हणजे नंतरच्या विजापूर जिल्ह्याला त्याचा जबर फटका बसला. मग दुष्काळ कमिशन बसले, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला, आणि दोन कायदे झाले. १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्जाचा कायदा. पहिला विहिरी, तळी, बांध, चर यांसाठी, दुसरा बी-बियाणे, बैल आणि अडीनडीसाठी. लोकांनी दोन्हींना मिळून तगाईच म्हटले.

१८८३ च्या कायद्यात कर्जाच्या कारणांची यादी आहे. पुरापासून, पाण्याने जमीन खरवडून जाण्यापासून संरक्षण हे कारण त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. मृदसंधारण हा शब्द तेव्हा मराठीत नव्हता, पण त्यासाठी सरकारी कर्ज मिळण्याची तरतूद होती. परतफेडीची मुदत पस्तीस वर्षांपर्यंत देता येत असे. व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला वर्षाला एक आणा, म्हणजे सव्वासहा टक्के. सावकाराचा दर याच्या दुप्पट, चौपट. मग लोक तगाईवर तुटून पडायला हवे होते, पण पडले नाहीत.

कारण कायद्यात नव्हते, वाटेत होते. अर्ज मामलेदाराकडे करायचा. तो लिहून देणार कोण? गावचा कुलकर्णी, नाहीतर कचेरीच्या दारातला अर्जनवीस. मग जमीन कोणाच्या नावावर, आधीचा बोजा किती, भाऊबंदांची हरकत आहे का, याची चौकशी. ती करणार पुन्हा कुलकर्णी आणि वरचा सर्कल. हरकती मागवण्याची नोटीस. तारण कमी पडले तर जामीनदार. मंजुरी आली की रक्कम हप्त्याने, पहिल्या हप्त्याचे काम दाखवल्यावर दुसरा. दर खेपेला तालुक्याच्या गावी जायचे, बैलगाडीने किंवा पायी, दिवसभर ओसरीवर बसायचे आणि साहेब फिरतीवर आहेत असे ऐकून परतायचे. बैल मेला आषाढात आणि पैसा हाती पडला कार्तिकात, तर त्या पैशाचा उपयोग काय? शिवाय वसुली साऱ्याच्या थकबाकीसारखी, म्हणजे जप्तीपर्यंत जाणारी. सावकार महाग होता, पण रात्री दार वाजवले तरी उघडत होता आणि पीक बुडाले तर पुढच्या सालावर थांबत होता. त्या थांबण्याची किंमत तो पुढे जमिनीने वसूल करी, हे खरे. तरी दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आजची रात्र निभावायची असते.

ज्या १८८३ साली हा कायदा झाला त्याच साली जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. कचेरीच्या वाटेवर कुणबी कसा नाडला जातो, कोण कोण त्याच्या गाठीचे सोडवून घेतो, याचे इतके बारीक वर्णन दुसरीकडे नाही. आपल्यातल्या टेबलाआतल्या घराण्यांना ते बोचते, आणि ते बोचण्यासारखेच आहे. पण या पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग कोणी फारसा सांगत नाही. उपाय म्हणून जोतीरावांनी सुचवले होते की सरकारने रिकामे बसलेले पलटणीचे लोक आणि जादा पोलीस कामाला लावून डोंगरउतारावर जागोजाग ताली, बंधारे घालावेत, पावसाचे पाणी शेतात मुरावे, पालापाचोळ्याचे आणि मातीतले सत्त्व नदीनाल्यांना वाहून जाऊ नये. तळ्यांचा गाळ शेतकऱ्यांना नेऊ द्यावा. पुढे साठ वर्षांनी मुंबई सरकार जे करू लागले त्याचा आराखडा या सूचनांत जवळजवळ तयार आहे.

त्याच सुमारास दुसरा एक प्रयत्न झाला. विल्यम वेडरबर्न या सिव्हिलियनने न्यायमूर्ती रानड्यांच्या साहाय्याने पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली. हिंदुस्थान सरकार अनुकूल होते, पण विलायतेतल्या भारतमंत्र्यांनी ती नाकारली. मंजुरीची वाट मामलेदार कचेरीपेक्षाही लांब असू शकते, एवढे त्यातून कळले. मग १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला आणि १९०५ मध्ये आमच्या शेजारच्या तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात, गदग तालुक्यातील कणगिनहाळ येथे सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची पतपेढी उभी राहिली. त्या कायद्याखालची देशातली ही पहिली शेती पतसंस्था मानतात. कर्ज द्यायचे की नाही ते इथे गावातली ओळखीची माणसे ठरवणार होती, म्हणून वाट आखूड झाली. ओळखीच्या माणसांचे जे दोष असतात तेही अर्थात सोबत आले.

सत्तर वर्षे तगाई चालली. तिचा हिशेब रिझर्व्ह बँकेने करवलेल्या ग्रामीण पतपाहणीत सापडतो. पाहणी १९५१-५२ ची, अहवाल १९५४ चा. समितीचे अध्यक्ष गोरवाला, सभासदांत आपले धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्याने वर्षात काढलेल्या दर शंभर रुपये कर्जात सरकारचे रुपये ३.३, सहकारी संस्थांचे ३.१. सावकारांचे, शेतकरी-सावकार आणि धंदेवाईक मिळून, जवळजवळ ७०. आणि जी तगाई दिली गेली तिचा मोठा वाटा मोठ्या खातेदारांकडे गेला होता. त्यांच्याकडे तारणाला जमीन होती, आणि कचेरीत बसायला वेळ होता.

आता दुसरी वाट, बंडिंगची. हा इंग्रजी शब्द आपल्या खेड्यांत इतका रुळला की 'बंडिंग पडलं', 'बंडिंगचा बोजा' असे अशिक्षित माणूसही बोले. त्यामागे सोलापूर आणि विजापूरच्या कोरडवाहू केंद्रांचे काम होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने कोरडवाहू शेतीचे प्रयोग हाती घेतले. त्यात ना. वि. कानिटकर यांचे नाव ठळक आहे. त्याआधी हॅरॉल्ड मान यांच्याबरोबर त्यांनी दख्खनच्या खेड्याची पाहणी केली होती, त्यामुळे प्रयोगशाळेबाहेरचा शेतकरी त्यांना माहीत होता. त्यांनी रूढ केलेली पद्धत ऐकायला साधी आहे. उताराला आडवे बांध, पावसाळ्यात वारंवार कुळवणी, बी कमी, ओळींतले अंतर जास्त, आणि पिकात कोळपण्या. पाणी शेतात मुरले पाहिजे आणि मुरलेले टिकले पाहिजे, एवढेच सूत्र. यातले पुष्कळसे आपले शेतकरी पूर्वीपासून करत होते, खात्याने ते मोजून दाखवले.

बांधाची अडचण अशी की तो एकट्याने घालून भागत नाही. वरच्या शेतातून लोंढा आला की खालचा बांध फुटतो. म्हणून १९४२ मध्ये मुंबई सरकारने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला. एका अख्ख्या शिवाराची योजना आखायची, हरकती ऐकायच्या, आणि मग सर्वांच्या शेतांत काम करायचे. खर्चाचा जमीनमालकाकडून घ्यायचा भाग साऱ्यासारखा वसूल व्हायचा. त्याच सुमारास, १९४२-४३ मध्ये, विजापूर भागात दुष्काळ पडला आणि दुष्काळी कामे म्हणून बांध घालण्याला मोठा वेग आला. मातकामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले वडार आणि पोटासाठी आलेले शेतकरी एकाच कामावर टोपल्या वाहू लागले. आमच्या अथणी, रायबाग, गोकाक बाजूच्या कोरडवाहू पट्ट्यातही पुढे हे बांध दिसू लागले. खानापूरकडे, जिथे पावसाला थांब म्हणावे लागते, तिथे प्रश्न निराळाच होता.

तगाईच्या नेमके उलटे इथे झाले. तगाई मागायला जावे लागे, बंडिंग न मागता शेतात आले. खात्याचा माणूस दुर्बीण घेऊन शिवारात उतरला, समपातळी रेषा आखल्या, खुंट्या मारल्या. शिवाजी महाराजांच्या पत्रातला अर्धा भाग पुरा झाला, अधिकारी गावात आला. पण त्या पत्रात कुणब्याला गोळा करून विचारपूस करणे हे पहिले काम होते, आणि ते पुष्कळ ठिकाणी राहून गेले. समपातळी रेषेला भाऊबंदांची हद्द कळत नाही. बांध एकाच्या शेतातून तिरपा गेला, तुकडा दोन भागांत पडला, औताला फेरा बसेना. वरच्याचे पाणी खालच्याच्या शेतात तुंबले. त्यातून किती भांडणे मुन्सफ कोर्टात गेली असतील याची कल्पना आपल्यातल्या जुन्या वकील मंडळींना असेल.

त्यातही काळ्या जमिनीने वेगळाच धडा शिकवला. मुरमाड, हलक्या रानात बांध उत्तम बसले. पण खोल काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिल्या जोरदार पावसाचे पाणी त्या भेगांतून बांधाच्या पोटात शिरते आणि बांध आतून पोखरून फुटतो. न फुटला तर मागे पाणी साचून ज्वारी पिवळी पडते. पुढे बल्लारी-विजापूरकडच्या संशोधनातून काळ्या जमिनीसाठी किंचित उताराचे, पाणी हळूहळू बाहेर काढणारे बांध सुचवले गेले. शेतकऱ्यांनी मात्र त्याआधीच फावडे मारून बांधाला वाट करून दिली होती, आणि खात्याच्या दप्तरी तो गुन्हा ठरला होता. दोघांनी बांधावर बसून आधी बोलायला हवे होते, असे आज सहज म्हणता येते. तरीही एक मान्य केले पाहिजे. हलक्या रानांत जे बांध टिकले, त्यांच्यामागे आज वीतभर जास्त माती आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. बेळगावचा चंदगड तालुका तेवढा मागे राहिला, तो कोल्हापूरला जोडला गेला. त्या प्रश्नाच्या राजकारणात शिरण्याची ही जागा नाही, आणि आमचे वाचक ते आमच्यापेक्षा अधिक जाणतात. इथे सांगायचे ते एवढेच की नाल्याला राज्याची सीमा कळत नाही, पण योजनेला कळते. एकाच ओढ्याच्या दोन काठांवर दोन कायदे आले. इकडे १९६१ चा म्हैसूर जमीन सुधारणा कायदा लागू झाला. तिकडे १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी, पाझर तलाव, नालाबंडिंग हे शब्द घरोघर गेले. इकडच्या मराठी माणसाने ते पाहुण्यांकडून ऐकले आणि इथल्या कचेरीत जाऊन तेच शब्द उच्चारले. समोरच्याला ते कळले नाहीत, कारण इथल्या योजनेचे नाव वेगळे होते.

ही अडचण आजही आहे, आणि ती वाटेचीच आहे. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, तलाठी आला. आज त्याचे सरकारी नाव बदलले तरी दोन्ही भाषांत लोक त्याला तलाठीच म्हणतात. शेतीखात्याची पहिली पायरी होबळीच्या गावचे रयत संपर्क केंद्र. तिथे आपण 'शेततळे' म्हणतो त्याला 'कृषी होंडा' म्हणतात, आणि बांधाला 'बदु'. पाणलोटाचे काम पाहणारे खाते 'जलानयन'. शेताच्या बांधाचे, चराचे काम ग्रामपंचायतीमार्फत रोजगार हमीतूनही होऊ शकते, पण ते ग्रामसभेत मागावे लागते. 'फ्रूट्स' नावाच्या सरकारी नोंदणीत शेतकऱ्याचा क्रमांक नसेल तर पुढचे बहुतेक दरवाजे उघडत नाहीत, आणि त्यासाठी उतारा स्वतःच्या नावावर लागतो. इथेच आपल्यासारख्या शहरी झालेल्या घरांची गाडी अडते. उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव, वारसा लावलेला नाही, चार चुलत्यांपैकी एक पुण्यात, एक बडोद्याला, आणि जमीन कसणारा पाचवाच. योजना कसणाऱ्याला हवी असते, कागद आपल्याकडे असतो. पूर्वी टेबलाआड बसून आपल्या काही घरांनी जी वाट अडवली असेल ती आता घरबसल्या, नकळत अडते.

सीमेपलीकडे महाराष्ट्राने २०१६ मध्ये एका योजनेला 'मागेल त्याला शेततळे' असे नाव दिले. नाव चांगले आहे. पण जो मागेल त्यालाच, हा तगाईच्या कचेरीचा जुना नियम त्या नावातही दिसतो.

जाता जाता एक कामाची गोष्ट. पुष्कळ जुन्या उताऱ्यांवर इतर हक्कांच्या रकान्यात तगाईचा किंवा बंडिंगचा बोजा आजही दिसतो. रक्कम शे-दोनशे रुपयांची, साल आजोबांच्या तरुणपणाचे. कर्ज कधीच फिटलेले असते, फक्त नोंद कमी करायची राहिलेली असते. महाराष्ट्रात अशा कालबाह्य नोंदी काढून टाकण्याची मोहीम महसूल खात्याने अलीकडे हाती घेतली. आपल्याकडे अशी नोंद असेल तर जमीन वाटून घेताना, विकताना किंवा बँकेचे कर्ज काढताना ती ऐनवेळी आडवी येते. म्हणून उतारा आधी काढून पाहावा आणि तहसीलदार कचेरीत तिचा पाठपुरावा करावा. १९५६ पूर्वीचे आपल्या कित्येक गावांचे कागद मराठीत आहेत आणि त्याहून जुने मोडीत. ते वाचणारी माणसे शहरात थोडी उरली आहेत. ज्यांना मोडी येते त्यांनी मंडळाच्या कार्यालयात आपले नाव नोंदवून ठेवावे. उत्सवानंतरच्या पहिल्या रविवारपासून कागद घेऊन येणाऱ्यांची सोय तिथे करता येईल.